बांबू वृक्ष की तृण? ऊती व बीज यांवरून वनस्पतींची पारख

गडचिरोली जिल्ह्यातील धानोरा तालुका हा धानाच्या बांध्यांचा व दाट रानाचा मुलूख आहे. गडचिरोलीहून मुरूमगावाकडे जाणाऱ्या रस्त्याच्या दोन्ही अंगांना साग, ऐन, बिजा, धावडा, मोह, तेंदू व चार यांचे मिश्र वन लागते आणि त्यात जागोजागी बांबूची बेटे उभी असतात. पावसाळ्यात बांधीत धान, धुऱ्यावर तूर, धान कापणीपूर्वी उभ्या पिकात फेकलेली लाखोळी, हिवाळ्यात बांबूची तोड, उन्हाळ्यात मोहफुले व तेंदूपाने असा येथील कुटुंबाच्या कामाचा वार्षिक क्रम असतो. शेत आणि रान या दोन्हींवर ज्याचे पोट अवलंबून आहे, त्याला वनस्पतींची ओळख पिढ्यान्‌पिढ्या असते. कोणते पान खावे, कोणत्या सालीचा दोर वळावा, कोणत्या लाकडाचा नांगर करावा, हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही.

ही ओळख मुख्यतः उपयोगावरून व बाह्य रूपावरून झालेली असते. उंच ते झाड, बुटके ते झुडूप, आधाराने चढणारी ती वेल आणि जमिनीलगत वाढणारे ते गवत, अशी विभागणी सर्वत्र रूढ आहे. नित्याच्या व्यवहारास ती पुरते. परंतु काही ठिकाणी ती फसवते. बांबू हे त्याचे ठळक उदाहरण होय. तीस-चाळीस फूट उंच वाढणारा, घराला वासे पुरविणारा बांबू पाहणाऱ्यास झाडच वाटतो. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमातही त्याची गणना वृक्षात केली होती, व ती व्याख्या २०१७ पर्यंत कायम होती. वनस्पतिशास्त्र मात्र बांबूला धानाचा भाऊबंद मानते. हा निर्णय उंचीवरून केलेला नसून खोडातील ऊती आणि बीजातील दले यांवरून केलेला आहे. तो कसा केला जातो आणि शेतकऱ्याला त्याचा काय उपयोग, हे पुढे दिले आहे.

ऊती म्हणजे काय?

वनस्पतीचा देह असंख्य सूक्ष्म पेशींचा बनलेला असतो. पेशी ही जणू वीट, आणि एकाच घडणीच्या व एकच काम करणाऱ्या पेशींचा समूह म्हणजे ऊती होय. विटांपासून भिंत, कौलांपासून छप्पर, तद्वत निरनिराळ्या ऊतींपासून मूळ, खोड, पान व फळ ही इंद्रिये तयार होतात.

ऊतींचे दोन मुख्य प्रकार आहेत. ज्या ऊतींतील पेशी सतत दुभंगून नव्या पेशी निर्माण करतात, त्या विभाजी ऊती. ज्यांतील पेशींचे विभाजन थांबून त्यांना ठराविक काम लागलेले असते, त्या स्थायी ऊती.

विभाजी ऊती तीन ठिकाणी आढळतात. खोडाच्या व मुळाच्या टोकाशी असलेल्या ऊतीमुळे वनस्पती लांबीने वाढते. पेरांच्या व पानांच्या बुडाशी असलेल्या ऊतीमुळे गवत चरले गेले तरी पुन्हा उंचावते. तिसरी ऊती खोडाच्या सालीखाली, लाकडाभोवती एखाद्या पातळ वेष्टनासारखी असते. या थरास एधा असे म्हणतात. एधा आतल्या बाजूस नवे लाकूड व बाहेरच्या बाजूस नवी अंतर्साल घालीत असते. त्यायोगे खोड वर्षानुवर्षे जाड होत जाते.

स्थायी ऊतींपैकी काही अन्न साठवितात, काही कठीण धाग्यांच्या रूपाने बळकटी देतात, तर काही वाहतुकीचे काम करतात. वाहतूक करणाऱ्या ऊती दोन : मुळांनी शोषलेले पाणी व क्षार वर नेणाऱ्या जलवाहिन्या आणि पानांत तयार झालेले अन्न इतर भागांकडे पोहोचविणाऱ्या रसवाहिन्या. लाकूड म्हणजे मुख्यतः जुन्या जलवाहिन्या व त्यांच्या सोबतचे धागे होत. रसवाहिन्या सालीच्या आतल्या अंगास असतात. ही रचना ध्यानात ठेवली म्हणजे पुढील बहुतेक गोष्टी सहज उलगडतात.

वनस्पतींचे मोठे वर्ग

वाहक ऊती आहेत की नाहीत, हा वनस्पतींच्या वर्गीकरणातील पहिला प्रश्न होय. तळ्यातील शेवाळात व पावसाळ्यात दगडांवर हिरव्या मखमलीसारख्या पसरणाऱ्या हरितेत खऱ्या जलवाहिन्या व रसवाहिन्या नसतात. पाणी एका पेशीतून दुसरीत झिरपत जाते. म्हणूनच हरिता बोटभराहून फारशी उंच होत नाही आणि ओल सरली की वाळून जाते.

नाल्याच्या सावलीत उगवणाऱ्या नेच्यांत वाहक ऊती असतात. त्यामुळे त्यांना मोठी पाने व ताठ उभे राहण्याची शक्ती लाभते. परंतु त्यांना फूल नाही व बीही नाही. पानाच्या मागील बाजूस तपकिरी ठिपक्यांत सूक्ष्म बीजाणू असतात व त्यांपासून पुढील पिढी होते.

त्यानंतर येतात बीज धारण करणाऱ्या वनस्पती. बीज उघडे आहे की फळात झाकलेले आहे, हा येथील दुसरा प्रश्न. हिमालयातील चीड व देवदार यांचे बीज शंकूच्या खवल्यांवर उघडेच असते. त्यांना प्रकटबीज म्हणतात. जगात त्यांच्या जाती सुमारे १,००० आहेत. सुरूची पाने सुईसारखी दिसतात म्हणून पुष्कळांना तो चीडच्या गोतातील वाटतो. वास्तविक सुरूला फुले येतात व त्याचे बीज झाकलेले असते, म्हणून तो प्रकटबीज नव्हे.

गडचिरोली जिल्ह्याच्या दक्षिण टोकास, सिरोंचा तालुक्यातील वडधम येथील जीवाश्म उद्यानात दगड झालेली प्राचीन खोडे जतन केली आहेत. अशा खोडाची पातळ चकती घासून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली असता पेशींच्या भिंती अजून दिसू शकतात. पान, फूल व फळ नष्ट झाले तरी ऊतींची मांडणी दगडातही टिकते, आणि तीवरून ते खोड कोणत्या वर्गातील वनस्पतीचे होते हे ठरविता येते. ऊतींवरून केलेली पारख किती भरवशाची असते, याचा हा चांगला दाखला आहे.

बीज फळात झाकलेल्या वनस्पतींना आवृतबीज म्हणतात. आज पृथ्वीवर त्यांचेच राज्य आहे. त्यांच्या सुमारे तीन लाख जाती ज्ञात असून धान, तूर, मोह, साग, आंबा, कापूस, बांबू या सर्व त्यांतच मोडतात. म्हणून शेतकऱ्याच्या दृष्टीने खरे महत्त्व आहे ते आवृतबीज वनस्पतींच्या पोटविभागांना.

बीजातील दले

लाखोळीचा किंवा तुरीचा दाणा रात्रभर भिजत घालून सकाळी साल काढली, तर त्याचे सहज दोन भाग होतात. हीच बीजाची दले होत. डाळ या शब्दात हाच अर्थ भरलेला आहे. दोन दलांच्या सांध्यात इवलासा गर्भ असतो; त्याचे एक टोक मूळ बनते व दुसरे कोंब. दलांत साठविलेल्या अन्नावर रोपटे पहिले काही दिवस जगते.

धानाचा दाणा सोलून तांदूळ काढला, तर तो कितीही भिजवला तरी त्याचे असे दोन भाग होत नाहीत. तांदळाच्या एका टोकाशी लहानसा गर्भ असतो. बाकीचा सर्व पांढरा भाग हा गर्भासाठी वेगळा ठेवलेला पिठूळ साठा होय. गर्भाला दल एकच असते व ते साठ्यातील अन्न शोषून अंकुरास पुरविते. म्हणून धान, ज्वारी, मका, गहू, ऊस, हळद, कांदा, केळी, शिंदी, ताड व नारळ या वनस्पती एकदल होत. तूर, हरभरा, कापूस, जवस, मिरची, मोह, साग, पळस व आंबा या द्विदल होत.

येथे शब्दाचा घोटाळा टाळणे आवश्यक आहे. बाजारात व पीक-परिपत्रकांत द्विदल म्हणजे कडधान्य असा अर्थ रूढ आहे. शास्त्रातील द्विदल हा वर्ग त्याहून कितीतरी व्यापक असून त्यात सागासारखा वृक्ष व कापसासारखे झुडूपही येते. सर्व कडधान्ये द्विदल आहेत. परंतु सर्व द्विदल वनस्पती कडधान्ये नव्हेत.

त्याचप्रमाणे, दलांतच अन्न असले पाहिजे असाही नियम नाही. एरंडीचे बी फोडले तर आत तेलकट साठा व त्याच्या मधोमध कागदासारखी दोन पातळ दले दिसतात. अन्न दलाबाहेर आहे, तरी दले दोन असल्यामुळे एरंड द्विदलच ठरतो. म्हणजे परीक्षा दलांच्या संख्येची करावयाची असते, जाडीची नव्हे.

खोडातील भेद

१६८२ हे वर्ष या विषयात संस्मरणीय आहे. त्या वर्षी इंग्लंडमध्ये दोन ग्रंथ प्रसिद्ध झाले. जॉन रे याने आपल्या ग्रंथात बीजातील दलांच्या संख्येवरून वनस्पतींचे भेद मांडले, तर नेहेमाया ग्रू याने खोड व मूळ यांच्या अंतर्रचनेची चित्रे दिली. पुढील काळात असे दिसून आले की, बीजावरून केलेला भेद आणि खोडावरून केलेला भेद हे बहुतांशी एकमेकांशी जुळतात. ज्याच्या बीजात दोन दले, त्याच्या खोडात वाहक ऊतींचे वर्तुळ. ज्याच्या बीजात एक दल, त्याच्या खोडात त्या विखुरलेल्या.

द्विदल वृक्षाच्या खोडात जलवाहिन्या आत, रसवाहिन्या बाहेर आणि दोहोंमध्ये एधा अशी वर्तुळाकार मांडणी असते. सागाचा ओंडका कापला तर त्यात एकाभोवती एक वलये दिसतात. पावसाळ्यातील जोमदार वाढ व उन्हाळ्यातील मंद वाढ यांच्या सीमेवर ही वलये उठतात. अशा खोडाला साल वेगळी सोलून काढता येते, कारण एधेचा कोवळा थर तेथे सुटतो.

एकदल वनस्पतीत वाहक ऊतींचे लहान लहान जुडगे खोडभर विखुरलेले असतात. त्यांच्यात एधा नसते. म्हणून शिंदीच्या खोडात वलये नाहीत, सोलून निघणारी साल नाही आणि सागासारखे वर्षागणिक जाड होणेही नाही.

या दोन मांडण्यांबरोबर इतरही लक्षणे येतात. द्विदलांच्या पानांत शिरांचे जाळे असते. एकदलांच्या पानांत शिरा बहुधा समांतर धावतात. द्विदलांचे मूळ बहुधा एक मुख्य सोटमूळ असते. एकदलांना तंतुमुळांचा झुबका असतो. द्विदलांच्या फुलांतील पाकळ्या बहुधा चार किंवा पाच असतात; एकदलांच्या फुलांचे भाग तीन किंवा तिनाच्या पटीत असतात.

बांबूची परीक्षा

आता हीच कसोटी बांबूला लावून पाहावी. धानोरा भागात मुख्यत्वे आढळणारा बांबू म्हणजे मानवेल. बांबूचे कांडे आडवे कापून काठ पाहिला असता त्यात वलये दिसत नाहीत, केवळ बारीक ठिपके दिसतात. हे ठिपके म्हणजे वाहक ऊतींचे जुडगे होत. ते आतील बाजूस विरळ व बाहेरील बाजूस दाट असतात. म्हणूनच बांबूची पाठ कठीण आणि पोट मऊ लागते. सोलण्याजोगी साल त्याला नाही. पाठीच्या पेशींत वाळूच्या जातीचा कठीण पदार्थ साठलेला असतो, त्यामुळे कोयत्याची धार लवकर बोथटते.

बांबूच्या पानांत शिरा समांतर असतात. मुळे तंतुमय असतात. क्वचित येणारे त्याचे फूल पाहिले तर त्यात धानाच्या फुलाप्रमाणेच सहा पुंकेसर आढळतात. त्याचा दाणा धान किंवा गव्हाच्या दाण्यासारखा असतो, त्यात दल एकच असते, आणि दुष्काळात लोकांनी तो भाताप्रमाणे शिजवून खाल्ला आहे. थोडक्यात, ऊती, पान, मूळ, फूल व बीज या पाचही ठिकाणी बांबू तृण ठरतो. अलीकडील काळात आनुवंशिक द्रव्याच्या तपासणीनेही या निष्कर्षास पुष्टी दिली आहे. तृणकुलात ज्वारी व मका एका शाखेत पडतात, तर धान, गहू व बांबू दुसऱ्या शाखेत. म्हणजे ज्वारीपेक्षा बांबूच धानाच्या अधिक जवळचा आहे.

कायदा आणि धानोरा

१९२७ च्या अधिनियमातील वृक्षाच्या व्याख्येत ताडवर्गीय झाडे, बांबू व वेत यांचा समावेश होता. हे तिन्ही एकदल आहेत, त्यांच्यात सागासारखे लाकूड नाही. परंतु कायद्याला शास्त्रीय वर्गीकरण करावयाचे नव्हते, वनातील माल नियमाखाली आणावयाचा होता. व्यवहारात याचा परिणाम असा झाला की, बांबू इमारती लाकडाच्या रांगेत बसला आणि त्याच्या तोडीस व वाहतुकीस परवाना लागू लागला.

२००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजाच्या व्याख्येत बांबूचा स्पष्ट उल्लेख केला. गौण वनोपज गोळा करण्याचा, वापरण्याचा व विकण्याचा हक्क या कायद्याने वननिवासींना दिला. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड वस्तीच्या गावास २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर वनावर सामूहिक वनहक्क मिळाला. असा हक्क मिळविणाऱ्या देशातील पहिल्या गावांमध्ये त्याची गणना होते. तरीही बांबू नेण्याचा परवाना कोणी द्यावयाचा, हा प्रश्न शिल्लक होता. बांबू झाड की गवत, हा वाद त्या वेळी शाळेतील पाठापुरता राहिला नव्हता; गावाच्या उत्पन्नाचा तो प्रश्न झाला होता. २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय वन व पर्यावरण मंत्री जयराम रमेश यांच्या हस्ते मेंढ्याच्या ग्रामसभेस वाहतूक परवान्यांचे पुस्तक देण्यात आले व ग्रामसभा स्वतःच्या शिक्क्याने बांबू विकू लागली.

पुढे २०१७ साली अधिनियमातील वृक्षाच्या व्याख्येतून बांबू हा शब्द वगळण्यात आला. त्यामुळे वनाबाहेर, म्हणजे स्वतःच्या शेतात वा धुऱ्यावर लावलेल्या बांबूची तोड व वाहतूक या अधिनियमाच्या परवान्यातून मोकळी झाली. वनक्षेत्रातील बांबूस मात्र वनाचे नियम व ग्रामसभेची व्यवस्था लागू आहे.

हक्क मिळाला म्हणजे जबाबदारीही आली. बांबूचे बेट टिकवावयाचे असेल तर त्याची तोड झाडासारखी करून चालणार नाही, तृणाच्या रीतीनेच केली पाहिजे.

बांबूची तोड

सागाचे किंवा तेंदूचे झाड कापले तर खुंटाला नवे फुटवे येतात, कारण सालीखालील ऊतीतून नवे डोळे फुटू शकतात. बांबूचे कापलेले कांडे पुन्हा वाढून उभे राहत नाही. नवीन बांबू जमिनीखालील आडव्या खोडाच्या डोळ्यांतूनच येतात. पावसाळ्यात निघणाऱ्या या कोंबाला येथे वास्ता म्हणतात. वास्ता जमिनीतून जितक्या जाडीचा निघतो तितक्याच जाडीचा बांबू होतो. एधा नसल्यामुळे पुढे तो जाड होत नाही. दोन-चार महिन्यांत तो पूर्ण उंची गाठतो आणि नंतरची दोन-तीन वर्षे केवळ आतून कठीण होत जातो. यावरून पुढील नियम निघतात :

(१) एक व दोन वर्षांचे कोवळे बांबू तोडू नयेत. त्यांची पाने जमिनीखालील खोडास अन्न पुरवितात व पुढील वर्षाचे वास्ते त्या अन्नावर पोसतात. शिवाय अशा बांबूचे धागे पुरते कठीण झालेले नसतात.

(२) तोड जमिनीपासून १५ ते ४५ सें.मी. उंचीवर, एक पेर राखून, तिरकस व स्वच्छ करावी. खूप उंच बुंधे ठेवल्यास बेटात गर्दी होते. जमिनीसपाट तोडल्यास आडव्या खोडास इजा पोहोचते.

(३) पावसाळ्यात तोड करू नये. त्या वेळी वास्ते निघत असतात व पायाखाली मोडतात.

(४) खाण्यासाठी वास्ते काढताना बेटातील सर्व वास्ते काढू नयेत. वास्ता म्हणजेच उद्याचा बांबू होय.

(५) बेटाचा एकच बाजूचा भाग पूर्ण साफ करू नये. पक्व बांबूंपैकी काही आधारासाठी राखावेत.

तोडलेल्या बांबूस भुंगेरा लागतो तो त्यातील पिठूळ साठ्यासाठी. मूल ऊतीतील पेशींत हा साठा असतो. बांबू काही आठवडे वाहत्या पाण्यात बुडवून ठेवल्यास साठा बराचसा विरघळून जातो व कीड कमी लागते.

मानवेलास अनेक दशकांनी एकदा एकगठ्ठा फुलोरा येतो. हा कालावधी प्रदेशागणिक निरनिराळा असतो. फुलोऱ्यानंतर दाणे गळतात आणि संपूर्ण बेट मरते. धान पिकून वाळते तोच हा प्रकार, केवळ मधला काळ दीर्घ. दाण्यांवर उंदीर वाढतात. मिझो टेकड्यांत १९५९ च्या सुमारास तेथील बांबू फुलल्यावर उंदरांनी शेते फस्त केली व मोठा दुष्काळ पडला. २००७ च्या सुमारास तो बांबू पुन्हा फुलला. फुलोरा दिसताच बीज गोळा करणे, वाळलेली बेटे वेळेवर तोडून वणव्याचा धोका टाळणे आणि उगवलेल्या रोपांना काही वर्षे चराईपासून व आगीपासून जपणे, ही कामे ग्रामसभेने आधीच ठरवून ठेवावीत.

मोह आणि द्विदल वृक्षांची जपणूक

मोह हा द्विदल वृक्ष आहे व त्याचे जीवन सालीखालच्या पातळ थरात साठलेले आहे. इटलीतील मार्चेल्लो मालपिगी याने सतराव्या शतकात झाडाच्या खोडावरून सालीचे कडे काढून पाहिले, तेव्हा कड्याच्या वरचा भाग फुगून आला. पानांतून खाली येणारे अन्न तेथे अडले होते. खालची मुळे उपाशी राहतात आणि कालांतराने झाड वाळते. पाणी आतल्या लाकडातून चढत असल्यामुळे पाने काही काळ हिरवी राहतात, म्हणून इजा लगेच दिसून येत नाही. औषधासाठी साल काढताना ती सभोवार कधीही काढू नये. एका अंगाची उभी पट्टी काढावी व एधा झाकलेली राहील अशा बेताने वरवर काढावी. धावड्याचा डिंक काढतानाही हाच विवेक पाळावा.

मोहफुले वेचणे सोपे व्हावे म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटविण्याची चाल आहे. आगीची धग बुंध्याच्या सालीतून एधेपर्यंत पोहोचते व तेथे ती मरते. याहून मोठे नुकसान असे की, झाडाखाली उगवलेली मोहाची रोपे जळून जातात. जुने मोह उभे आहेत, परंतु त्यांच्यामागे नवे उभे राहत नाहीत, अशी स्थिती त्यातून उद्भवते. पाचोळा झाडून दूर करणे किंवा झाडाखाली जाळी अथवा जुनी लुगडी अंथरणे हा त्यावरील साधा उपाय होय.

मोहाच्या बीजाचे वर्तनही धानाहून भिन्न आहे. धानाचे बी सुमारे १३ टक्के ओलाव्यापर्यंत वाळवून ठेवले की पुढील हंगामापर्यंत चांगले टिकते. मोहाच्या बीजातील दोन जाड, तेलकट दले अशी वाळवण सोसत नाहीत. काही आठवड्यांतच त्यांची उगवणशक्ती नष्ट होते. म्हणून फळे पिकून पडू लागताच ताजे बी पेरावे. तेलासाठी वाळवून ठेवलेले बी रोपवाटिकेस देऊ नये. सागाचे बी याच्या उलट. त्याचे कवच इतके टणक असते की ते पेरण्यापूर्वी काही दिवस आलटून पालटून भिजवावे व वाळवावे लागते.

कलम आणि तणनाशक

आंबा, आवळा, बोर व चार यांची कलमे करता येतात, कारण दोन्ही फांद्यांच्या एधा एकमेकींस चिकटून एकजीव होतात. कलम बांधताना साल सालीशी जुळवावी असे जे सांगितले जाते त्याचे कारण हेच. शिंदी, ताड किंवा बांबू यांच्यात एधा नसल्याने त्यांची अशी कलमे शेतावर होत नाहीत. केंब्रिज विद्यापीठातील संशोधकांनी बीजातील गर्भाच्या कोवळ्या ऊती जोडून एकदलांचे कलम साधल्याचे २०२२ साली प्रसिद्ध झाले. परंतु ते काम प्रयोगशाळेतील आहे.

धानाच्या बांधीत २,४-डी हे तणनाशक रुंद पानाच्या द्विदल तणांवर परिणाम करते, परंतु योग्य वेळी व योग्य प्रमाणात वापरल्यास धानास बाधत नाही. धान व रुंद पानाचे तण यांच्या देहरचनेत व त्या द्रव्याचा निचरा करण्याच्या शक्तीत फरक असतो, त्याचा हा परिणाम होय. परंतु त्याच बांधीतील सावा हा धानाप्रमाणेच तृण असल्यामुळे त्या औषधास दाद देत नाही. तण न ओळखता फवारणी केल्यास पैसा वाया जातो. तसेच धुऱ्यावरील तूर ही द्विदल असल्यामुळे वाऱ्याने उडालेल्या थेंबांनी तिचे नुकसान होते. यास्तव वारा पडला असतानाच फवारावे आणि डब्यावरील सूचना काटेकोरपणे पाळाव्यात.

परीक्षेची सोपी रीत

अनोळखी वनस्पती कोणत्या वर्गातील आहे हे पाहण्यासाठी सूक्ष्मदर्शक लागत नाही. बी भिजवून ओल्या कापडात अंकुरित करावे व दले मोजावीत. त्यानंतर पान उजेडासमोर धरून शिरा पाहाव्यात, रोप उपटून मूळ पाहावे आणि खोड धारदार चाकूने आडवे कापून ठिपके विखुरलेले आहेत की वर्तुळात आहेत हे तपासावे. शाळेतील मुलांकडून धान, लाखोळी, एरंड व मका यांचे दाणे शेजारी शेजारी अंकुरित करून घेतल्यास हा पाठ त्यांच्या कायम लक्षात राहील.

एकाच लक्षणावरून निर्णय करू नये. रानातील करांद्याच्या व घोटवेलीच्या पानांत जाळीदार शिरा असतात, तरी त्या एकदलच होत. शास्त्रातही ही विभागणी पूर्वीइतकी सरळ राहिलेली नाही. १९९८ पासून आनुवंशिक द्रव्यावर आधारलेले वर्गीकरण रूढ झाले असून, त्यानुसार एकदल हा एक खरा वंशसमूह ठरतो. द्विदलांच्या काही प्राचीन शाखा मात्र वेगळ्या मानल्या जातात. शेतावरील व रानातील कामासाठी जुनी विभागणी अद्याप उपयोगाची आहे.

धानोऱ्याच्या रानात बांबू आणि मोह शेजारी शेजारी उभे असतात. एकाचे मूळ जपावे लागते, दुसऱ्याची साल. एकाचे बेट एकदाच फुलून मरते, दुसरा दरवर्षी फुलतो. हा भेद ज्या ग्रामसभेने ओळखला, तिच्या हाती आलेले रान पुढील पिढीसही उत्पन्न देत राहील.